विमानाचा खरा प्रवास किती तासांचा?

तिकिटावर सुटण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्या त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे छापतात, त्यामुळे नुसती वजाबाकी केली की उत्तर चुकतं. मुंबई–सिंगापूरचं उदाहरण घेऊ. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास आहे.

1. आधी पोहोचण्याची वेळ भारतीय वेळेत आणा. समजा, विमान मुंबईहून रात्री 11 ला सुटून सिंगापूरला सकाळी 7 ला उतरतं. तिथले 7 म्हणजे आपले पहाटेचे साडेचार. म्हणजे प्रवास साडेपाच तासांचा, आठ तासांचा नाही.

2. परतताना उलट होतं. संध्याकाळी 7 ला निघून मुंबईत रात्री 10 ला उतरलात तर तीनच तास दिसतात, पण तिथे सुटताना आपल्याकडे साडेचार वाजलेले असतात. पुन्हा साडेपाच तासच! आईवडिलांच्या गोळ्यांच्या आणि जेवणाच्या वेळा याच हिशेबाने ठरवा.

3. पडताळा हवा असेल तर किलोमीटरना 800 ने भागून अर्धा तास मिळवा. हे अंतर सुमारे 3,900 किलोमीटर, म्हणजे उत्तर जवळपास तेच येतं. टोकियोसारख्या मार्गावर मात्र परतीला तासभर जास्तही लागतो, कारण उंचावरचे जोरदार पश्चिमी वारे समोरून येतात.

तारीख नीट वाचा. 15 तारखेला 00:30 चं विमान असेल तर विमानतळावर 14 च्या रात्रीच पोहोचायचं असतं.