सिगारेट सोडताना सोबत: या चुका टाळा

रात्री पावणेअकराला सिगारेट सोडणाऱ्या एकाचा मेसेज आला: "ओढली. सॉरी." मी लगेच फोन लावला, त्याने उचलला नाही. दुसऱ्या दिवशी भेटला तेव्हा सगळं कळलं. आदल्या रात्री तो जिन्याच्या पायरीवर बसला होता. एका हातात न पेटवलेली सिगारेट, दुसऱ्या हातात फोन आणि स्क्रीनवर माझं नाव. वीस मिनिटं तसाच बसून होता. "तू झोपला असशील असं वाटलं," म्हणाला.

मी जागा होतो. झोपलो असतो तरी उठलो असतो, पण हे मी त्याला आधी स्वच्छ शब्दांत सांगितलंच नव्हतं. ती चूक माझी होती आणि तिचं मला अजून वाईट वाटतं.

मी स्वतः सोळा वर्षं ओढली. सुटली त्याला अकरा वर्षं झाली, आणि त्यातली नऊ वर्षं मी दर आठवड्याला सिगारेट सोडणाऱ्यांच्या एका छोट्या गटात बसतोय. माणसं बदलतात, चुका मात्र त्याच त्या. चांगली जिद्दीची माणसं एखाद्या टाळता येण्यासारख्या चुकीपायी पुन्हा ओढायला लागली की जीव तुटतो. म्हणून हे लिहितोय. सोडणाऱ्यांसाठी तर आहेच, पण त्यांना साथ देऊ पाहणाऱ्यांसाठी त्याहून जास्त.

ओढून झाल्यावर फोन करणं

सगळ्यात मोठी चूक ही. धुरातलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं. मेंदूला इतक्या झटपट मिळण्याची सवय लागलेली असते, म्हणून तलफही तशीच येते, एकदम अंगावर. त्या क्षणी वाटतं की ही आता तासभर छळणार. प्रत्यक्षात एकेक तलफ बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत ओसरते, तुम्ही ओढा नाहीतर ओढू नका. अ‍ॅलन मार्लाट नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तिला लाटेची उपमा दिली होती. लाटेशी झुंजायचं नाही, तिच्यावर तरंगत राहायचं. ती चढते, फुटते आणि पसरून जाते.

सोबतीची गरज असते ती त्या दहा मिनिटांत. नंतर आलेल्या फोनवर मी फार तर धीर देऊ शकतो, आणि ज्याने आत्ताच ओढली त्याला धीरापेक्षा शरमच जास्त वाटत असते.

आमच्या गटात आता एक रीत आहे. फक्त एक शब्द पाठवायचा: "तलफ". कारण सांगायचं नाही, माफी मागायची नाही, "बिझी आहेस का" विचारायचं नाही. शब्द आला की मी फोन करतो, रात्रीचे दोन वाजले असले तरी. ज्यांना रात्री उठणं जमणार नाही त्यांनी दिवसाचे सोबती व्हावं आणि आपल्या वेळा आधीच सांगून टाकाव्यात. त्यात काही कमीपणा नाही. अर्धवट कबूल केलेली सोबत मात्र धोक्याची, कारण समोरचा ऐन वेळी विचार करत बसतो की लावू की नको.

आणखी एक करतो. पहिल्या आठवड्यात तलफ नसतानाही रोज एकदा तो शब्द पाठवायला लावतो. नव्या लोकांना हा पोरखेळ वाटतो. पण अडतं ते तिथेच, त्या बटणावर. हात कापत असताना बोट सवयीने तिथे जायला हवं.

जिन्यातला तो माणूस दोन महिन्यांनी पुन्हा आला. तिसऱ्याच दिवशी त्याचा शब्द आला. मी फोन केला आणि विचारलं, "आत्ता समोर काय आहे?" तो म्हणाला, स्वयंपाकघरातला नळ गळतोय. म्हटलं, पाना आहे का घरात? मग पुढचं सगळं नळाबद्दलच झालं. वायसर झिजलाय का, पाणी खालच्या कॉकने बंद केलंस का, आटे नीट बसताहेत का. पाना पाइपवर आपटल्याचा आवाज मला फोनवर ऐकू येत होता. नवव्या मिनिटाला तो म्हणाला, "थांबलं पाणी." आणि मग थोडा वेळ गप्प राहून, "ती पण गेली रे."

फोनवर उपदेश करणं

वरच्या फोनवर मी सिगारेटचं नावही काढलं नव्हतं. नवे सोबती नेमकं उलटं करतात. "मन घट्ट कर." "पोरांकडे बघ." "फुप्फुसांचे फोटो पाठवू का?" अहो, त्याला सगळं ठाऊक आहे, म्हणून तर तो सोडतोय. तलफेच्या वेळी त्याला माहिती नको असते. दहा मिनिटं कुणीतरी हाताला आणि डोक्याला काम लावून हवं असतं.

"मी तर एका दिवसात टाकली, काही होत नाही" हे वाक्य आमच्या गटात बोलायचं नाही. सोडणाऱ्याच्या शर्टाचा वास घेणं, खिसे चाचपणं हे प्रकारही बंद. पहारेकऱ्याशी माणूस लपवालपवी करतो, आणि एकदा लपवायला लागला की आपला उपयोग संपला.

दिवसांच्या आकड्याचा उत्सव करणं

माझा दुसरा राग या गोष्टीवर, आणि इथेही मी स्वतः चुकलोय.

काही वर्षांपूर्वी आम्ही गटात दर बैठकीला आकडे विचारायचो. कोण किती दिवसांवर? मोठ्या आकड्याला टाळ्या. एक बाई त्रेचाळीस दिवसांवर होत्या, आमच्यात सगळ्यात पुढे. नवे लोक त्यांच्याकडे बघून उभारी धरायचे. पुढच्या बैठकीला त्या म्हणाल्या, पन्नास. मग सत्तावन्न. मग चौसष्ट. सगळ्यात जोरात टाळ्या माझ्या असायच्या.

चौसष्टच्या दिवशी बैठक संपल्यावर सगळे गेले तरी त्या खुर्ची लावण्याच्या निमित्ताने मागे राहिल्या. एकच खुर्ची दोनदा उचलून त्याच जागी ठेवली. मग पर्समधून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. त्यात तीन सिगारेटी उरल्या होत्या. चव्वेचाळिसाव्या दिवशी घरात भांडण झालं आणि एक ओढली. त्या एकीनंतर त्या सावरल्याही असत्या, पण आकडा शून्यावर आला हे सगळ्यांसमोर सांगायचं कसं? नाही सांगितलं. मग वाटलं, आता खोटं बोललोच आहोत, तर आणखी एकीने काय बिघडतं. तीन आठवडे आम्ही टाळ्या वाजवत होतो आणि त्या रोज आठ-दहा ओढत होत्या.

एकदा घसरल्यावर "आता सगळंच गेलं" हा जो विचार येतो, तो त्या एका सिगारेटीपेक्षा जास्त नुकसान करतो. मार्लाट यांनी याचाही खोलात अभ्यास केला होता. घसरणं आणि परत सुरू होणं या दोन वेगळ्या घटना आहेत, मध्ये काही तास किंवा दिवस असतात, आणि तेवढ्यात कुणाला सांगितलं तर माणूस परत उभा राहतो. आमच्या टाळ्यांनी त्या बाईंची ती सांगायची वाटच बुजवून टाकली होती.

तेव्हापासून बैठकीत आकडा विचारत नाही. विचारतो, "या आठवड्यात अवघड वेळ कोणती गेली?" घसरलेला माणूस पहिला बोलतो, आणि तो बोलत असताना कुणी मध्ये पडत नाही. स्वतःपुरता आकडा जरूर मोजा, कॅलेंडरवर फुल्या मारा. आणि घसरलात तर उरलेलं पाकीट पाण्यात बुडवून कचऱ्यात टाका आणि त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. पुढच्या सोमवारची वाट बघू नका. त्या बाईंची पुढे सुटली. आज त्याच गटात दिवसाच्या फोनची जबाबदारी त्यांच्याकडे आहे.

दोन नवख्यांनी एकमेकांवरच भिस्त ठेवणं

जोडीने सोडणं चांगलंच. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या अभ्यासात १२,०६७ लोकांची १९७१ ते २००३ या काळातली माहिती निकोलस ख्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर यांनी तपासली, २००८ मध्ये निष्कर्ष छापून आले. नवरा किंवा बायकोने सोडली तर जोडीदार ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी कमी झालेली दिसली, मित्राने सोडली तर ३६ टक्क्यांनी. एकमेकांना ओळखणारी माणसं गटागटानेच सोडत होती.

पण निकोटिन तुटल्याचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत हळूहळू उतरतो. दोघंही तिसऱ्या दिवसावर असले तर दोघंही चिडलेले, झोप उडालेले. एक म्हणतो, "चल, एकच, अर्धी अर्धी." दुसरा नाही कशाला म्हणेल? म्हणून जोडीला एक तिसरा लागतो, ज्याची सुटून निदान सहा महिने झालेत.

च्युइंगमवर रागावणं

"निकोटिनचं च्युइंगम घेतलं, काही फरक नाही, उलट मळमळलं." हे मी किती वेळा ऐकलंय याची गणती नाही. चावलं कसं विचारलं की कळतं, साध्या च्युइंगमसारखं कचाकचा चावलं. त्यातलं निकोटिन तोंडातल्या अस्तरातून शोषलं जायला हवं. गिळलं गेलं की उचक्या, मळमळ, छातीत जळजळ. हळूहळू चावायचं, तिखटसर चव किंवा मुंग्या जाणवल्या की गाल आणि हिरडी यांच्या मध्ये ठेवून द्यायचं, मुंग्या थांबल्या की पुन्हा चावायचं. असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना कॉफी, फळांचा रस, शीतपेयं काही नको, आंबटपणामुळे शोषण कमी होतं. उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर साधारणपणे ४ मिलिग्रॅमचं घेतात, नाहीतर २ चं. शरीरातलं निकोटिन दोनेक तासांत निम्म्यावर येतं, म्हणून सुरुवातीचे आठवडे दर तास-दोन तासाला घ्यावं लागतं. लोक दिवसात दोन घेतात आणि औषधाला नावं ठेवतात.

निकोटिनचा पॅच, म्हणजे कातडीवर चिकटवायची पट्टी, सावकाश चढतो, तो दिवसभराच्या अस्वस्थतेसाठी. अचानक आलेल्या तलफेला च्युइंगम. दोन्ही मिळून एकट्यापेक्षा जास्त उपयोग होतो. हृदयाचा आजार असेल, गर्भारपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि औषध घेणाऱ्याला "हे म्हणजे एक व्यसन सोडून दुसरं" असं म्हणणाऱ्या सोबत्याला मी गटात परत बोलावत नाही. औषधाने सुटली तरी सुटलीच.

"रोज एक कमी करतो"

याला माझा विरोध आहे, सांगून टाकतो. उरलेल्या सिगारेटी माणूस जास्त खोल झुरके घेऊन ओढतो आणि दिवसभर पुढच्या एकीची वाट बघत राहतो. इंग्लंडमधला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, ६९७ जणांचा. ठरलेल्या दिवशी एकदम सोडणाऱ्यांपैकी चार आठवड्यांनी ४९ टक्के टिकून होते, हळूहळू कमी करणाऱ्यांपैकी ३९ टक्के. तारीख ठरवा, सोबत्याला सांगा, आदल्या रात्री लायटर, अ‍ॅशट्रे सगळं घराबाहेर काढा. "आठवण म्हणून" ठेवलेला लायटरसुद्धा.

कॉफी तेवढीच पिणं

हे फार कमी जणांना ठाऊक असतं. धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफिन भराभर निकाली काढत असतं. सिगारेट बंद झाली की तेवढ्याच कपांतलं कॅफिन रक्तात जवळपास दुप्पट राहू शकतं. छातीत धडधड, हाताला कंप, रात्री झोप नाही, आणि माणसाला वाटतं ही सगळी तलफच. पहिल्या दिवसापासून कप निम्मे करा. काही मानसिक आजारांवरच्या औषधांचं प्रमाणही याच कारणाने रक्तात वाढतं, म्हणून गोळ्या चालू असतील तर सोडतोय हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

भूक लागलेली असताना आलेली तलफ आधी खाऊन बघा. खोकला वाढला तर घाबरू नका, श्वासनलिका साफ व्हायला लागलेली असते. फार दिवस राहिला किंवा रक्त पडलं तर तपासून घ्या. मन खूप खचलं असेल तर ते सोबत्यावर ढकलू नका, डॉक्टरांकडे जा.

तीन महिन्यांनी सोबत सोडणं

शरीराचा त्रास तोपर्यंत संपलेला असतो, म्हणून लोक गट सोडतात, नंबर पुसतात. जुन्या प्रसंगांशी जोडलेली तलफ मात्र कधीही डोकं वर काढते. मला गेल्या वर्षी आली. घरातलं माणूस ऑपरेशनला आत गेलेलं, मी बाहेर बाकावर, आणि अचानक बोटांना सिगारेट हवी झाली, दहा वर्षांत नव्हती तशी. मी एक शब्द टाइप केला आणि त्या नळवाल्याला पाठवला. मिनिटाच्या आत त्याचा फोन आला. हॅलो नाही, काही नाही. त्याने विचारलं, "आत्ता समोर काय आहे?"