केळ्याचा केक मध्ये बसायचा, तो कसा सुधारला

गेल्या मे महिन्यात माझा कुकरमधला केक लागोपाठ तीनदा बसला. कडा छान फुगायच्या, मध्ये मात्र खड्डा. सुरी खुपसली की चिकट लगदा. जळगावात केळ्यांना काय तोटा! म्हणून चांगली चार काळपट पिकलेली केळी मी कुस्करत होते. शेवटी गर काट्यावर ठेवला, तर साडेचारशे ग्रॅम. दीड वाटी कणकेला २०० ग्रॅम भरपूर होतो.

खरी गोम सोड्याची निघाली. दह्याचा आंबटपणा लागला की खायचा सोडा लगेच फसफसतो. मी आधी सगळं कालवायची आणि मग कुकर तापत ठेवायची. ४४ अंशांच्या दुपारी मिश्रण ओट्यावर तसंच पडून राहायचं. वर बारीक बुडबुडे येऊन फुटताना दिसायचे. केक फुगवणारी हवा तिथेच निघून जायची.

आता कुकर आधी. शिट्टी आणि रिंग काढायची, तळाला मीठ, त्यावर जाळी, दहा मिनिटं मंद आच. तोवर केळी, गूळ, तेल, दही फेटून घेते. कणीक आणि अर्धा चमचा सोडा अगदी शेवटी, हलक्या हाताने. लगेच डबा आत. चाळीस मिनिटं झाकण उघडत नाही.

काल सासूबाईंनी कैरीच्या पन्ह्याबरोबर दोन तुकडे खाल्ले, तिसरा मागून घेतला.