बंदुकीच्या पिनांसाठी पंच कसे निवडावेत

भारतात १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदुकीच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो. त्यामुळे हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या आणि स्वतःची कायदेशीर बंदूक घरीच उघडून दुरुस्त करणाऱ्या वाचकांसाठी आहे. बंदूक रिकामी असल्याची खात्री आधी करून घ्यावी, हे वेगळे सांगायला नको.

बंदुकीचे भाग जोडून ठेवणाऱ्या पिना ठोकून बाहेर काढायच्या सळईसारख्या अवजाराला पंच म्हणतात. भरीव पिनेसाठी तिच्याहून किंचित बारीक, सपाट टोकाचा पितळी पंच घ्यावा. पितळेचा पिवळा डाग पुसून जातो, पोलादाचा ओरखडा मात्र कायमचा राहतो.

खरी कसोटी लागते ती रोल पिनेपाशी. ही पिन पत्रा गुंडाळून केलेली, लांबीभर चीर असलेली पोकळ नळी असते. ती भोकापेक्षा थोडी जाड असते आणि दाबून बसवल्यावर स्वतःच्या ताणाने जागेवर राहते. साध्या पंचाने तिच्यावर ठोकले, तर टोक पोकळीत घसरते, कडा फुलते आणि आधीच घट्ट असलेली पिन भोकात पाचरीसारखी रुतून बसते. ‘हलक्या हाताने ठोका, काही होत नाही’ हा सल्ला सर्रास दिला जातो. माझ्या मते तो निव्वळ चुकीचा आहे. रोल पिनेसाठी टोकाच्या मधोमध छोटा गोल उंचवटा असलेला पोलादी पंचच हवा. उंचवटा पोकळीत शिरला पाहिजे, त्याभोवतीची सपाट कड पिनेच्या काठावर टेकली पाहिजे आणि पंचाची एकूण जाडी भोकापेक्षा कमी असली पाहिजे. या तिन्ही अटी एकदम पूर्ण होत नसतील, तर तो पंच बाजूला ठेवावा.

मापाची गफलत नेमकी इथेच होते. एआर-१५ रायफलीत गॅस ट्यूबची (वायू मागे नेणाऱ्या नळीची) पिन ५/६४ इंचाची, बोल्ट कॅचची (बोल्ट मागे अडवून धरणाऱ्या खटक्याची) ३/३२ इंचाची आणि ट्रिगर गार्डची (चापाभोवतीच्या कडीची) १/८ इंचाची, म्हणजे एक सूत असते. ३/३२ इंच म्हणजे सुमारे २.३८ मिलिमीटर, त्यामुळे मिलिमीटरच्या संचातला अडीचचा पंच तिथे भोकापेक्षा जाड पडतो, आणि दोनचा बारीक. अमेरिकी बंदुकीसाठी इंचाचाच संच विकत घ्यावा आणि पेटीवर छापलेल्या आकड्यावर विसंबून न राहता प्रत्येक पंच व्हर्निअर कॅलिपरने मोजावा, कारण स्वस्त संचांत छापील माप आणि खरे माप जुळेलच असे नाही.

पंचाच्या लांबीलाही महत्त्व आहे. जखडलेली पिन हलवायला आखूड, बुडाशी जाड पंच वापरावा, कारण लांब सडक पंच पहिल्याच जोरदार ठोक्याला वाकतो. पिन सुटली की मग लांब पंचाने ती पार बाहेर काढावी. हातोडी चार औंसाची पुरते.

ट्रिगर गार्डच्या पिनेवर ठोकताना अॅल्युमिनियमच्या कानाखाली (बॉडीच्या ज्या उंचवट्यातून ती पिन जाते, त्याखाली) लाकडाचा पक्का आधार द्यावाच. तो कान अधांतरी राहिला तर मोडतो, आणि मग खालची अख्खी बॉडीच वाया जाते.

नवी पिन बसवताना सुरुवातीला टोकाला खोलगट वाटी असलेला धारक पंच घ्यावा, म्हणजे पिन बोटांत धरावी लागत नाही. काढलेली जुनी रोल पिन पुन्हा वापरू नये. नवीला फारसे पैसे पडत नाहीत.