वसंताच्या तोंडावर पायी निघताना

वसंत तारखेनं येत नाही. २० मार्चच्या आसपास विषुवदिन पडतो आणि उत्तर गोलार्धात कॅलेंडरवरचा वसंत सुरू होतो, हे खरं. पण त्याच दिवशी एकाच टेकडीच्या उन्हाकडच्या अंगाला फुलं असतात आणि मागच्या सावलीत गुडघाभर बर्फ. म्हणून वाट निवडताना तारखेआधी तीन गोष्टी बघाव्यात: उंची किती, उतार कुठल्या दिशेचा, आणि आपण तिथे दिवसाच्या कुठल्या वेळी पोचणार. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त विसरली जाते. बहुतेक फजिती तिच्यामुळेच होते.

उंचीसाठी एक जुना ठोकताळा आहे. अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ अँड्र्यू हॉपकिन्स यांनी १९१८ साली मांडलं की ४०० फूट, म्हणजे साधारण १२० मीटर वर गेलं की वसंत चार दिवस उशिरा पोचतो. उत्तरेला एक अंश सरकलं तरी तितकाच उशीर. हा हिशेब उत्तर अमेरिकेतल्या निरीक्षणांवरचा आहे, उष्ण कटिबंधात तो लावू नये. समशीतोष्ण डोंगरात मात्र चांगला उपयोगी पडतो. पायथ्याशी फुलं गळून गेलेली दिसली तर ६०० मीटर वरची वाट धरा, वीसेक दिवस मागे जाल.

उताराचं सोपं आहे. उत्तर गोलार्धात दक्षिणेकडे तोंड केलेला उतार आधी तापतो. दक्षिण गोलार्धात, जिथे वसंत सप्टेंबरात येतो, तिथे उत्तरेकडचा. नकाशावर वाट सावलीच्या अंगाला वळते ती जागा आधीच खूण करून ठेवा. खाली सगळं कोरडं असलं तरी नेमक्या त्या वळणावर पाऊलवाटेचा बर्फ काचेसारखा झालेला असतो.

उजेडाचा हिशेब अक्षांशावर ठरतो. विषुवदिनाच्या सुमारास २० अंशांवर दिवस रोज जेमतेम सव्वा मिनिटानं वाढतो, ५० अंशांवर पावणेचार मिनिटांनी आणि ६० अंशांवर साडेपाच मिनिटांनी. म्हणजे उत्तरेकडे पंधरवड्यात तासाभराहून जास्त उजेड पदरात पडतो. विषुववृत्ताकडच्या प्रदेशात उजेड फारसा बदलत नाही, बदलतं ते ऊन.

बर्फ वितळतो तिथे

इथे सकाळची जमीन आणि दुपारची जमीन या दोन वेगळ्या जमिनी असतात. रात्री वरचा थर गोठतो, पहाटे त्यावरून सडकेवरून चालावं तसं चालता येतं, आणि दुपारी तोच थर मऊ होऊन पाय मांडीपर्यंत आत जातो. आदल्या रात्रीचं तापमान बघाच, पण आकाशही बघा. निरभ्र रात्री बर्फ आपली उष्णता आकाशात सोडतो, म्हणून हवा शून्याच्या जरा वर असली तरी पृष्ठभाग गोठतो. ढगांचं पांघरूण असेल तर तो नीट गोठतच नाही. ढगाळ, उबदार रात्रीनंतर बर्फाळ उताराचा बेत सरळ रद्द करावा.

उजाडता उजाडता निघा आणि परत फिरायची वेळ घरीच ठरवा. वेळेचा अंदाज असा: सपाटीवर तासाला पाच किलोमीटर, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जास्त. मऊ बर्फात ही बेरीज दुप्पट धरा. घड्याळापेक्षा बूट खरं सांगतात. घोट्यापर्यंत रुतायला लागले की तीव्र उतार सोडायचा, शिखर दहा मिनिटांवर असलं तरी. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर हिमप्रपाताचा धोका सगळ्यात जास्त असतो, आणि ओल्या हिमप्रपाताची एक खूण डोळ्यांना दिसते: उन्हातल्या उतारावरून बर्फाचे छोटे गोळे आपोआप घरंगळत खाली यायला लागतात. ते दिसले की त्या उताराखालूनही जाऊ नका.

मोठे खडक आणि झाडांचे बुंधे यांच्यापासून दोन पावलं लांबून चाला. गडद दगड उन्हानं तापतो आणि त्याच्या कडेचा बर्फ आतून पोकळ होतो. वरून सारखंच दिसतं, पाय पडला की नडगी सोलून निघते. बर्फाखालून पाण्याचा आवाज येत असेल तर आपण ओढ्यावरच्या बर्फाच्या पुलावर उभे आहोत असं समजावं आणि आल्या पावलांनी मागं यावं.

वितळत्या बर्फावर वाहणारे ओढे पहाटे सगळ्यात कमी आणि दुपारनंतर ते संध्याकाळपर्यंत सगळ्यात जास्त भरतात. सकाळी दगडांवरून सहज ओलांडलेला ओढा परतीला अंगावर येतो तो यामुळे. ओलांडायचाच असेल तर पात्र रुंद असेल तिथे, कारण तिथे खोली कमी असते. बूट पायात राहू द्यावेत, सॅकचा कमरपट्टा सोडावा म्हणजे पडलात तर ती झटकून मोकळं होता येतं, आणि तोंड प्रवाहाकडे ठेवून काठीचा तिसरा पाय करावा. वेगाचं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर थांबा. पहाटे ते उतरलेलं असेल.

गोठलेल्या तळ्यावर मात्र वसंतात पाऊल टाकू नये. हिवाळ्यातल्या नव्या, पारदर्शक बर्फाला १० सेंटिमीटर जाडी चालते असं सांगतात ते तेव्हापुरतं. वसंतातलं बर्फ उभ्या सळयांसारखं सुटं होतं, जाडी तीच राहते आणि ताकद जाते. करडं, पाणचट दिसणारं बर्फ म्हणजे हेच.

आणि गॉगल. ताजा बर्फ ८० टक्क्यांहून जास्त प्रकाश परत फेकतो, दर हजार मीटरला अतिनील किरण साधारण १० टक्क्यांनी वाढतात. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लावा. ऊन इथे खालून येतं.

चिखल आणि पानं फुटण्याआधीचं जंगल

समशीतोष्ण जंगलात वसंताआधी चिखलाचे आठवडे येतात. जमीन वरून वितळते, खालचा थर गोठलेलाच असतो, आणि मधल्या पाण्याला मुरायला जागा उरत नाही. अमेरिकेतल्या व्हर्माँटमध्ये याला चिखलाचा ऋतू असंच म्हणतात आणि उंचावरच्या वाटांवर त्या काळात येऊ नका असं सांगतात. बूट वाचवायला लोक कडेनं जातात आणि वाट दर वर्षी हातभर रुंद होते. चिखल असला तरी वाटेच्या मधूनच चालायचं. ते पटत नसेल तर त्या दिवशी खडकाळ किंवा वाळूची वाट निवडायची. घोट्यावरचे बूट, त्यांच्या तोंडाशी बांधायचे गेटर आणि सॅकमध्ये लोकरी मोज्यांचा सुका जोड एवढी तयारी पुरते.

या जंगलातली फुलं घाईत असतात. वर झाडांना पानं फुटून सावली पडायच्या आत त्यांना उगवून, फुलून, बी धरून मोकळं व्हायचं असतं. त्यामुळे बघायची मुदतही थोड्या आठवड्यांचीच. युरोपातलं वुड अ‍ॅनिमोन हे रानफूल ढगाळ हवेत आणि संध्याकाळी मिटतं, म्हणून ते बघायला उन्हाच्या दिवशी अकरा ते तीनच्या दरम्यान जावं. ब्लूबेल या निळ्या रानफुलांच्या ताटव्यात फोटोसाठी शिरू नये. फूल तुडवलं तर एक हंगाम जातो, पानं तुडवली तर खालच्या कंदाचं पोषणच तुटतं.

गोचिडी मात्र हवा चार अंशांच्या वर गेली की जाग्या होतात, फुलांची वाट बघत नाहीत. पँट मोज्यात खोचा, फिकट रंगाची घाला, आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कानामागे आणि केसांत तपासा. चिकटलेली गोचीड बारीक टोकाच्या चिमट्यानं त्वचेलगत धरून सरळ वर ओढायची. तेल, काडी, नेलपॉलिश असले उपाय करू नयेत. गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम या आजाराचा जंतू अंगात जायला बहुतेक वेळा २४ तासांहून जास्त लागतात, म्हणून त्याच संध्याकाळची तपासणी महत्त्वाची.

चेरीचा बहर गाठायचा असेल तर जपानी हवामान खात्याची भाषा समजून घ्या. ठरलेल्या झाडावर पाच-सहा फुलं उमलली की बहर सुरू झाल्याचं जाहीर होतं आणि ८० टक्के कळ्या उमलल्या की पूर्ण बहर. मध्ये आठवडाभर जातो. पहिल्या बातमीला धावत गेलात तर कळ्या बघून याल. बहरही आता पूर्वीपेक्षा लवकर येतो आहे. क्योतोच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या आहेत, आणि २०२१ साली तिथला पूर्ण बहर २६ मार्चला आला, तोवरच्या सगळ्या नोंदींतला सर्वांत लवकरचा.

वाळवंट

इथला वसंत आधीच्या पावसावर ठरतो. अनेक बियांवर उगवण रोखणारं द्रव्य असतं आणि ते धुऊन जायला एका दमात २५ मिलिमीटरच्या आसपास पाऊस लागतो. शिंतोड्यांनी फसायचं नाही असा बंदोबस्त. म्हणून कॅलिफोर्नियातलं अँझा-बोरेगो काही वर्षी फेब्रुवारी-मार्चात गालिचा होतं आणि काही वर्षी नुसतंच तपकिरी राहतं. दक्षिण आफ्रिकेतल्या नामाक्वालँडमध्ये ऑगस्ट-सप्टेंबरात डेझी फुलतात, तेही ऊन चढल्यावर आणि सूर्याकडे तोंड करून. तिथे सूर्य पाठीशी ठेवून चालावं, नाहीतर दिवसभर फुलांच्या पाठी बघाल. कोरड्या नाल्यात विसावा घेऊ नका. पाऊस लांबच्या डोंगरात पडतो आणि लोंढा निरभ्र आकाशाखाली येतो.

भूमध्य समुद्राकाठी लवकर जा. बदाम फेब्रुवारीतच फुलतो, आणि मेपर्यंत गवत वाळलेलं असतं.

पानझडी जंगल

पावसाळी उष्ण प्रदेशात वसंत उलटा चालतो: आधी पानं गळतात, मग उघड्या फांद्यांवर फुलं. पळस, पांगारा, काटेसावर यांना फेब्रुवारी-मार्चात पान नसतं म्हणूनच ती इतक्या लांबून दिसतात. मार्चात लालभडक दिसतो तो कुसुंब, पण ती फुलं नव्हेत, कोवळी पालवी. फुललेल्या काटेसावरीपासून थोडं लांब, सूर्योदयाला स्वस्थ बसा. मैना, कोतवाल, शिंजीर सगळे हजेरी लावतात, आणि चालून दिसतील त्याहून जास्त पक्षी तासाभरात बसल्या जागी दिसतात.

चालणं मात्र दहाच्या आत संपवा. पाणी थंड वेळी तासाला अर्धा लिटर, ऊन चढल्यावर एक लिटर धरा आणि झऱ्यांच्या भरवशावर राहू नका, ते याच दिवसांत आटतात. वाळक्या पानांखाली घसारा, म्हणजे सुटी खडी-माती, असेल तर उतरताना गुडघे वाकवून, पाय आडवे टाकून या. मोहाची फुलं रात्री उमलून पहाटे गळतात आणि ती वेचायला अस्वलं येतात, म्हणून मोहाच्या झाडांतून उजाडायच्या आत जाऊ नये, नंतरही बोलत जावं. कड्यांवर आग्या मोहोळ असेल तर अत्तर नको, धूर नको. माश्या उठल्याच तर हात न झाडता, तोंड झाकून दाट झुडपांतून पळा. वणव्याचा धूर दिसला तर वर चढू नका, आग चढावर जास्त वेगानं जाते. जळून गेलेली काळी जमीन किंवा ओढ्याचं खडकाळ पात्र गाठा. गवतात टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली तर पायाखाली बघा, तिची अंडी उघड्या जमिनीवर असतात.

कपड्यांचं गणित थंड प्रदेशात चुकतं ते वाऱ्यामुळे. ५ अंश तापमानात ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर अंगाला शून्य अंश जाणवतं. आत लोकरी किंवा सिंथेटिक, वर वारा अडवणारं पातळ जॅकेट, सुती काही नाही, कारण घामानं भिजलेलं सूत वाळत नाही. निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. उबदार वाटत असेल तर पहिल्याच चढाला थांबून एक थर काढावा लागेल.

सॅकमध्ये एक छोटी वही टाका. इंग्लंडमधल्या नॉरफकचे रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ पासून वसंताच्या खुणांच्या तारखा लिहायला सुरुवात केली आणि त्यांच्या घराण्यानं ते काम १९५८ पर्यंत चालवलं. आपल्याला इतकं नको. दिवस, वेळ, उंची, उताराची दिशा, झाड कोणतं आणि किती कळ्या उमलल्या, एवढी एक ओळ दर फेरीला, त्याच झाडापाशी उभं राहून.