जुनं मोबाइल होम बदलताना: आधी कागद, मग टेप, घर शेवटी

अमेरिकेतलं मोबाइल होम नावालाच फिरतं. कारखान्यातून ट्रकमागे येतं, ठोकळ्यांवर टेकतं आणि पुढची कित्येक वर्षं तिथून हलत नाही. या घरांच्या बांधणीचे देशभर लागू होणारे नियम १५ जून १९७६ पासून आले. त्याआधीच्या घरांत भिंतीची चौकट बहुधा दोन बाय दोन किंवा दोन बाय तीन इंची लाकडाची, आत नावापुरतं ग्लासवूल, बाहेर पत्रा. पत्र्याखाली उन्हाळा कसा जातो हे मराठी माणसाला सांगायला नको; हिवाळ्यात तेच घर तितकंच गारठतं. काहींत ॲल्युमिनियमचं वायरिंग असतं, त्याचे जोड सैल होऊन तापतात. अशा घरातल्या कुटुंबाला मदत करत असाल तर डागडुजीवर पैसा घालू नका, घरच बदला. अमेरिकी केंद्र सरकारच्या वेदरायझेशन (घराची ऊर्जागळती थांबवायच्या) योजनेतून घर बदलून मिळत नाही, त्यासाठी पैसा वेगळा उभा करावा लागतो.

सुरुवात घराच्या वयापासून करा. १९७६ च्या नियमांनंतरच्या घराच्या प्रत्येक भागावर बाहेरून साधारण २ बाय ४ इंचांची लाल धातूची पट्टी असते, ट्रकला जोडायच्या टोकाच्या विरुद्ध बाजूला. नंतर कोणी बाहेरच्या भिंतीवर नवं आवरण (साइडिंग) ठोकलं असेल तर ती झाकली जाते, म्हणून पट्टी नाही एवढ्यावरून घर जुनं ठरवू नका. स्वयंपाकघरातलं कपाट, विजेचं पॅनेल, बेडरूमचं क्लॉझेट इथे आतून चिकटवलेला माहितीचा कागद शोधा. तोही गेला असेल तर लोखंडी सांगाड्याच्या सर्वांत पुढच्या आडव्या पट्टीवर ठोकलेला सीरियल नंबर बघा.

खरी गाडी अडते ती मालकीवर. या घराला अनेक राज्यांत गाडीच्या आरसीसारखं टायटल असतं, आणि ते वारलेल्या आजोबांच्या नावावर किंवा तोंडी व्यवहारात विकणाऱ्याच्याच नावावर राहिलेलं असतं. टायटल साफ नसेल तर कर्ज अडतं आणि जुनं घर मोडायची परवानगीही रखडते. यात महिने जातात, म्हणून हे काम पहिल्याच आठवड्यात सुरू करा. थकलेला घरपट्टीचा कर त्याच फेरीत विचारून घ्या.

जमीन स्वतःची असेल तर अमेरिकी कृषी खात्याचं ‘५०२ डायरेक्ट’ नावाचं घरकर्ज आधी तपासा. अनुदान धरून व्याज १ टक्क्यापर्यंत उतरू शकतं. पार्कात, म्हणजे मोबाइल होमच्या वसाहतीत, भाड्याची जागा असेल तर बहुधा फक्त घरावरचं कर्ज मिळतं, व्याज जास्त आणि मुदत कमी. डीलरच्या कर्जावर सही करण्याआधी राज्याच्या गृहनिर्माण संस्थेकडे आणि वीज-बचत संस्थेकडे चौकशी करा. ओरेगॉन, मेन, व्हर्माँट इथे जुनी घरं बदलायचे प्रयत्न झाले आहेत. व्हर्माँटमध्ये २०११ च्या आयरीन वादळात मोबाइल होम पार्क बुडाल्यावर त्यांना जोर आला. ‘माफ होणारं कर्ज’ म्हटलं असेल तर किती वर्षं तिथेच राहायची अट आहे ते वाचा.

आता टेप काढा. साठच्या दशकातले प्लॉट १० किंवा १२ फूट रुंद घरांसाठी आखलेले आहेत. आजचं एकाच तुकड्याचं घर बहुधा १४ ते १६ फूट. शेजाऱ्यापासूनचं अंतर, झाडं, वरच्या तारा, पार्कातलं वळण, सगळं मोजा. विजेच्या जुन्या खांबावर ६० किंवा १०० अँपिअरची जोडणी असेल आणि नव्याला २०० लागणार असेल, तर तो खर्च पार्कमालकाचा की कुटुंबाचा हे लेखी ठरवा. सांडपाण्याच्या सेप्टिक टाकीची परवानगी बेडरूमच्या संख्येवर असते. दोनच्या जागी तीन बेडरूमचं घर मागवलं की तिथे अडकतं.

ऑर्डरच्या कागदावर एनर्जी स्टार (ऊर्जाबचतीचं) प्रमाणपत्र आणि हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढणारं यंत्र) हे शब्द लिहून घ्या. ‘हीट पंप रेडी’ हा शब्द फसवा आहे: घरात साधी इलेक्ट्रिक फर्नेस (विजेवर हवा तापवणारी भट्टी) येते आणि पंपासाठी फक्त सोय ठेवलेली असते. मग जे बिल कमी व्हायचं तेच चढून बसतं.

जुनं घर दुसऱ्या गरजूला विकायचा मोह टाळा. तीच अडचण एका दारातून दुसऱ्या दारात जाते. ते मोडायचा क्रम असा: ॲस्बेस्टॉस तपासणी, गॅस आणि मीटर तोडणं, फ्रिजमधला वायू काढणं, मग मोडतोड आणि टायटल रद्द. मोडण्याचा खर्च सुरुवातीच्या हिशेबातच धरा, तो हमखास विसरला जातो.

नव्या घराभोवती जमिनीचा उतार घरापासून दूर, पहिल्या १० फुटांत दर फुटाला अर्धा इंच. घराखाली ६ मिल (इंचाचा सहा हजारांश) जाडीचं प्लास्टिक, जोडावर १२ इंच चढवून. थंड भागात पाया गोठणरेषेखाली, म्हणजे हिवाळ्यात माती जिथवर गोठते त्याच्याही खाली. दोन तुकड्यांचं घर असेल तर जमिनीखालच्या पोकळीत दोन्ही भागांना जोडणारी जाड, लवचिक हवेची नळी असते. तिचा पट्टा सुटला की गरम हवा मातीला मिळते, घर मात्र थंडच. स्कर्टिंग (घराखालची पोकळी झाकणारं कडेचं आवरण) लावण्याआधी टॉर्च घेऊन स्वतः सरपटत खाली जा: नळी टांगलेली आहे का, पोटाखालचं काळं आवरण कुठे फाटलंय का. नंतर डक्टची (हवेच्या नळ्यांची) गळती चाचणी करून घ्या.

राहायला आल्यावर कुटुंबाला थर्मोस्टॅट समजावा. हीट पंपाला रात्री खाली, सकाळी एकदम वर असं करू नये. पंपाच्या मदतीला ठेवलेली विजेची कॉइल पेटते आणि बिल चढतं. साधारण वर्षभराने दारं अडकू लागली तर रंधा मारू नका, घर पुन्हा लेव्हल करून घ्या.