एआय एजंटले क्रिप्टो नाण्याचा भाव सांगणारं टूल

आर्वीच्या बाजारात कापसाचा भाव ऐकला की बाबा आधी विचारतात, "आजचा का कालचा?" एआय एजंट म्हणजे स्वतः टूल निवडून काम करणारा प्रोग्राम, अन् टूल म्हणजे तो वापरतो तो छोटा कोड. टूलही बाबांसारखंच वेळ विचारणारं लिहा. मी कॉइनगेको या क्रिप्टोचे भाव देणाऱ्या साइटच्या एपीआयकडून (प्रोग्रामनं माहिती मागायची सोय) रुपयातला भाव आणि शेवटच्या नोंदीची वेळ, दोन्ही मागतो. वेळ युनिक्स सेकंदात (१ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद) येते, ती भारतीय वेळेत बदला. नाणं ओळखायला 'बीटीसी'सारखं चिन्ह नको, एकच चिन्ह अनेक नाण्यांना असतं, कॉइनगेकोनं प्रत्येक नाण्याला दिलेली वेगळी आयडीच घ्या.

खरी मेहनत टूलच्या वर्णनाची. एजंट कोड नाही, वर्णन वाचून टूल निवडतो. मी आधी नुसतं 'भाव देतो' लिहिलं, तर गडी सोयाबीनही इथंच विचारू लागला! आता लिहिलंय: 'फक्त क्रिप्टोचा सध्याचा भाव, शेतमाल नाही, अंदाज नाही.' लाइन गेली, नेट तुटलं, तर शून्य नका पाठवू. 'भाव मिळाला नाही' असंच पाठवा.