शनिवार-रविवार किती आखायचा, किती मोकळा सोडायचा

पूर्ण मोकळा ठेवलेला रविवार बहुतेकदा मोबाइलच्या पोटात जातो, आणि तासातासाने आखलेला रविवार ऑफिससारखा वाटतो. म्हणून ठरवायचं ते थोडंच, पण शुक्रवारी संध्याकाळी. शनिवारी सकाळी ठरवायला बसलात तर निम्मी सकाळ त्यातच जाते.

आधी कामं वेगळी काढा. कपडे, बिलं, किराणा असलं सगळं शनिवारी सकाळच्या दोन-अडीच तासांत कोंबा. मावलं नाही ते आठवड्यातल्या संध्याकाळी जाईल, रविवारी नाही. ही कामं दोन्ही दिवसांवर पसरली की विश्रांती घेतानाही डोक्यात यादी चालू राहते.

मग मजेची गोष्ट दिवसाला एकच. तिला घड्याळ लावू नका. ‘दुपारनंतर भेटू’ एवढंच पुरे. गॅब्रिएला टोनिएटो आणि सेलिन मालकोच यांच्या २०१६ सालच्या संशोधनात हेच दिसलं: ठरावीक वेळेला बांधलेली फुरसत कामासारखी वाटू लागते, ढोबळ वेळ ठरवली तर तसं होत नाही. तिकीट काढलेला कार्यक्रम अर्थातच अपवाद. त्याच्या आधी-नंतर तासभर रिकामा सोडा.

रविवारचा निदान अर्धा दिवस सलग मोकळा हवा. अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे जोडून विश्रांती होत नाही. उठण्याची वेळ मात्र रोजच्यापेक्षा तासाभराहून जास्त पुढे ढकलू नका, नाहीतर रविवारी रात्री झोप येत नाही.

लहान मुलं घरात असतील तर मोकळी वेळ पाळीपाळीने घ्या: एकाने सकाळ, दुसऱ्याने दुपार.